हरवलेल्या बोलपटाचा माग

प्रश्न : माझी आजी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरात राहत होती. तिथल्या एका मराठी चित्रपटात आपण नायिकेच्या मैत्रिणीचे काम केले, असे ती सांगत असे. मात्र त्या चित्रपटाचे नाव ती कधी एक सांगे, कधी दुसरेच. आता ती हयात नाही. घरात तिचा नऊवारीतला, रंगभूषा केलेला एक फोटो आहे आणि त्याच्या मागे पुसट झालेला शिक्का आहे. तिने सांगितलेल्या दोन नावांपैकी एकाची इंटरनेटवर फक्त एक ओळ मिळते : वर्ष आणि दिग्दर्शकाचे नाव. दुसऱ्या नावाचे काहीच मिळत नाही. असा चित्रपट खरोखर निघाला होता का, आणि त्यात माझी आजी होती का, हे कसे शोधावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते वेगळे ठेवूनच शोध घ्यावा, अशी माझी पहिली विनंती आहे. चित्रपट होता का, याचे उत्तर बहुतेक वेळा मिळते. त्यात अमुक व्यक्ती होती का, याचे उत्तर पुष्कळ अवघड असते, आणि पहिल्याचा पुरावा हाती आला की दुसऱ्याचाही मिळाला, असे मन नकळत धरून चालते.

चित्रपटाची प्रत मिळेल, ही आशा आधी बाजूला ठेवावी लागेल. त्या काळी फिल्मची पट्टी नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते, आणि जपली नाही तर आपोआप कुजते. चित्रपटाचे खेळ संपले, तालुक्याच्या गावांतून आणि जत्रांच्या तंबूंतून फिरून प्रत झिजली की मालकाच्या दृष्टीने तिची किंमत तिच्यातल्या चांदीएवढीच उरत असे. त्यामुळे कित्येक प्रती चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. म्हणजे आपल्या आजीच्या चित्रपटानंतर, पंधराएक वर्षे गेल्यावर, कोणीतरी या गोष्टी जपायच्या असे ठरवले. पी. के. नायर यांनी पुढे अनेक वर्षे गावोगाव फिरून डबे गोळा केले, म्हणून जे आज आहे ते आहे. त्यातलाही नायट्रेटवरचा मोठा ठेवा २००३च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत गेला. कोल्हापूरची स्वतःची आग त्याहून जुनी आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला.

या शेवटच्या घटनेकडे आपण विशेष लक्ष द्यावे, कारण ती आपल्या आजीच्या काळातली आहे. त्या आगीत ‘मीठभाकर’चे चित्रण जळाले आणि भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला. असे जेव्हा घडते, तेव्हा पहिल्या चित्रणात काम केलेली दुय्यम भूमिकेतली मुलगी दुसऱ्या चित्रणाच्या वेळी उपलब्ध असेलच, असे नाही. तिची आठवण खरी असते, पण पडद्यावर आलेल्या चित्रपटात ती नसते. आजीचा चित्रपट हाच असावा, असे मी सुचवत नाही. ‘काम केले’ आणि ‘चित्रपटात दिसली’ या दोन वाक्यांमध्ये केवढे अंतर असू शकते, एवढेच मला दाखवायचे आहे. लता मंगेशकरांच्या बाबतीतही हे झाले आहे. त्यांनी १९४२ साली ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी ‘नाचू या गडे, खेळू सारी मनी हौस भारी’ हे आपले पहिले गाणे म्हटले, पण ते चित्रपटातून वगळण्यात आले. त्यांच्या नावाभोवती शेकडो अभ्यासक असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. दुय्यम भूमिका करणाऱ्यांच्या बाबतीत असे टिपून ठेवणारे कोणी नव्हते.

आता दोन नावांविषयी. घरातली माणसे अशा वेळी म्हणतात की म्हातारपणी आठवण गोंधळली. मी तसे लगेच म्हणणार नाही, कारण दोन्ही नावे खरी असण्याची शक्यता चांगली आहे. मुहूर्ताला एक नाव जाहीर व्हायचे आणि चित्रपट झळकायचा दुसऱ्याच नावाने. शिवाय त्या काळात पुण्या-कोल्हापुरात एकच कथा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत चित्रित करण्याची प्रथा रुळलेली होती. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’ आणि ‘शेजारी’चा ‘पडोसी’ हे तर सर्वांना ठाऊक आहेत. १९४७च्या ‘रामजोशी’चीही ‘मतवाला शायर रामजोशी’ ही हिंदी आवृत्ती निघाली. आजीची दोन नावे अशी एकाच चित्रपटाची असू शकतात. म्हणून इंटरनेटवर न सापडलेले नाव सोडून देऊ नका; हिंदी चित्रपटांच्या याद्यांतही दोन्ही नावे पाहा. हिंदी आवृत्तीची नोंद मराठीपेक्षा अधिक नीट राहिलेली असते, असा माझा अनुभव आहे.

प्रत गेली तरी चित्रपट ज्या ज्या टेबलांवरून पुढे सरकला, तिथे तिथे त्याने कागद सोडलेला असतो. त्यातला सर्वांत भरवशाचा कागद सेन्सॉरचा. चित्रपट दाखवायचा तर प्रमाणपत्र घ्यावेच लागे. १९५१च्या जानेवारीपर्यंत हे काम मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणची प्रादेशिक मंडळे करीत, त्यानंतर केंद्रीय मंडळ करू लागले. आपला काळ पहिल्या व्यवस्थेतला आहे, म्हणून मुंबईच्या मंडळाने प्रमाणित केलेल्या चित्रपटांच्या याद्या शोधाव्यात. त्या सरकारी राजपत्रांतून छापल्या जात, आणि जुनी राजपत्रे मोठ्या ग्रंथालयांत व पुराभिलेखागारांत बांधीव खंडांच्या रूपात असतात. तिथे चित्रपटाचे नाव, निर्माती संस्था आणि फुटांतली लांबी मिळते. कलावंतांची नावे तिथे शोधू नका; तो कागद त्यासाठी नव्हताच.

लांबीचा आकडा रुक्ष वाटला तरी टिपून घ्या. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. म्हणजे हजार फुटांचे एक रीळ साधारण ११ मिनिटे चालते आणि १२,००० फुटांचा चित्रपट सव्वादोन तासांच्या थोडा आत संपतो. याचा उपयोग असा, की एकाच नावाच्या दोन नोंदींत लांबी खूप वेगळी असेल, तर ती दोन भाषांतल्या आवृत्त्यांची असू शकते किंवा एकदा काटछाट होऊन चित्रपट पुन्हा मंडळापुढे गेलेला असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली, तेव्हा सरकारने पूर्ण लांबीच्या चित्रपटांवर ११,००० फुटांची मर्यादा घातली होती. त्यामुळे त्या वर्षांतला एखादा चित्रपट आखूड दिसला, तर लगेच ‘रिळे गहाळ’ असा निष्कर्ष काढू नये.

दुसरा कागद म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात. कोल्हापूरसाठी ‘पुढारी’ आणि ‘सत्यवादी’, पुण्यासाठी ‘सकाळ’ आणि ‘केसरी’, मुंबईसाठी ‘नवशक्ति’ आणि १९४८ पासून ‘लोकसत्ता’ हे अंक चाळावे लागतील. करवीर नगर वाचन मंदिर, पुणे नगर वाचन मंदिर, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय या जुन्या संस्थांत आधी चौकशी करा आणि कोणत्या वर्षांच्या फायली वाचकाला मिळतात हे विचारूनच प्रवासाला निघा. प्रदर्शनाचा नेमका दिवस सापडला नाही, तरी नंतरची एखादी जाहिरात पुरते. तिच्यात ‘४ था आठवडा’ असे असेल, तर तीन आठवडे मागे जाऊन तो अंक उघडायचा. फक्त तो चित्रपट त्याच थिएटरात लागलेला होता, की दुसरीकडून हलवून आणलेला, की जुनाच पुन्हा लावलेला, हे पाहायला विसरू नये. पुण्यात आधी आणि मुंबईत काही महिन्यांनी, असेही पुष्कळदा होई. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी प्रदर्शन, असेही होई. याद्यांमध्ये एकाच चित्रपटाची दोन वर्षे दिसतात, त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

इथे माझी एक चूक सांगतो. एका लेखात मी एका चित्रपटाचे वर्ष लिहिले आणि तो ‘प्रदर्शित झाला’ असेही लिहिले. आधार एका छापील सूचीचा होता. पुढे मूळ मासिकाचा अंक हाती आला, तेव्हा कळले की सूचीकाराने चित्रपटाच्या घोषणेची जाहिरात पाहून ती नोंद केली होती. चित्रपट पुरा झाल्याचा पुरावा कुठेच नव्हता. ते वाक्य माझ्या लेखावरून आणखी दोन ठिकाणी गेले आणि मला ते परत घेता आले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रपटापुढे घोषित, चित्रित, प्रमाणित आणि प्रदर्शित असे चार रकाने करतो आणि ज्याचा कागद हाती आहे, तेवढाच रकाना भरतो. आपणही तसेच करावे, असा माझा आग्रह आहे. आपल्याला इंटरनेटवर मिळालेली ती एक ओळ यांपैकी कोणत्या रकान्यातली आहे, हे आज आपल्याला ठाऊक नाही.

आजीच्या नावासाठी मात्र खरा कागद आहे तो गाण्यांच्या पुस्तकाचा. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना विकले जाणारे ते चार-आठ पानांचे चोपडे. त्यात भूमिका आणि कलावंत यांची यादी असते, तंत्रज्ञांची नावे असतात, कथानक अर्ध्यावर आणून ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा’ असे सांगितलेले असते, आणि सगळी गाणी असतात. नायिकेच्या मैत्रिणीचे नाव आले तर इथेच येण्याची शक्यता अधिक. पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्मखेरीज अशी गीतपुस्तके, पोस्टर, स्थिरचित्रे आणि कात्रणे यांचाही संग्रह आहे. संशोधकाने आधी पत्र लिहून, दोन्ही नावे आणि अंदाजे वर्षे देऊन विचारावे. जुन्या बाजारातले विक्रेते आणि खासगी संग्राहक यांच्याकडेही ही पुस्तके असतात. पुस्तक मिळाल्यास त्याचे फक्त आतले पान टिपू नका. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मुद्रणालयाचे नाव आणि एखाद्या थिएटरचा शिक्का असेल तर तोही टिपा. मुद्रणालय कोल्हापूरचे की मुंबईचे, एवढ्यावरूनही ते पुस्तक कोणत्या गावच्या प्रदर्शनासाठी छापले होते याचा अंदाज येतो.

फोटोविषयी थोडे. मागच्या शिक्क्यावर ओले काहीही लावू नका आणि पेन्सिलीने तो ‘गडद’ करण्याचा मोह टाळा. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश अगदी तिरपा टाकून, वेगवेगळ्या बाजूंनी त्याचे फोटो काढा. पुसलेली अक्षरे पुष्कळदा अशा तिरप्या प्रकाशात उठतात. समोरच्या बाजूला कोपऱ्यात छोटा आकडा असेल, तर तो स्टुडिओच्या स्थिरचित्रांचा अनुक्रमांक असू शकतो. त्याच पार्श्वभूमीचे, तीच कमान किंवा तेच झुंबर असलेले छायाचित्र एखाद्या मासिकात सापडले, तर फोटो आणि चित्रपट यांची गाठ बसते. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे अनेक अंक आता इंटरनेटवर वाचायला खुले आहेत. त्याचा भर हिंदी चित्रपटांवर असला, तरी पूर्ण पानाच्या जाहिराती आणि स्टुडिओंच्या बातम्या यांसाठी ते चाळण्याजोगे आहे.

आणखी एक ठिकाण सहसा कोणी पाहत नाही. कोल्हापूर हे १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होते. स्टुडिओची जमीन, परवाने, आगीनंतरचे अर्ज असा कोणताही सरकारी कागद त्या तारखेच्या आधीचा असेल, तर तो दरबारच्या दप्तरात, म्हणजे आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावा लागतो. नंतरचा असेल तर मुंबई राज्याच्या कागदांत. तिथे आजीचे नाव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण चित्रपट कोणत्या संस्थेने, कोणत्या आवारात केला याचा धागा मिळू शकतो.

हे सर्व करूनही आजीचे नाव कुठेच मिळाले नाही, तर ‘ती त्यात नव्हती’ असे लिहू नका. ‘गीतपुस्तकातील यादीत नाव नाही, कुटुंबात अशी आठवण आहे, फोटो उपलब्ध आहे’ असे तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवून लिहा. आजीची आठवण कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत ऐकली, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच तारखेसह उतरवून ठेवा. दहा वर्षांनी तोही एक कागद होणार आहे.

प्रश्न : जुन्या मराठी चित्रपटांची सूची करताना मला एकाच नावाच्या व्यक्तींची फार अडचण येते. ‘सुलोचना’ या नावापुढे इंटरनेटवर गायिका, नायिका आणि मूकपटातली अभिनेत्री, सगळ्यांची कामे एकत्र झालेली दिसतात. हे वेगळे कसे करावे? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : आपली तक्रार अगदी रास्त आहे. मूकपटांच्या काळात ‘सुलोचना’ म्हणजे रूबी मायर्स. मराठी प्रेक्षकांच्या सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर. आणि तबकडीवर ‘सुलोचना कदम’ म्हणून येणाऱ्या गायिका लग्नानंतर सुलोचना चव्हाण झाल्या आणि लावणीसाठी महाराष्ट्रभर ओळखल्या गेल्या. एकाच चित्रपटात एक सुलोचना पडद्यावर आणि दुसरी पार्श्वगायनाला असणे सहज शक्य आहे, म्हणून नावाशेजारी नेहमी काम लिहावे : अभिनय, गायन, नृत्य.

याच्या उलट, एकाच व्यक्तीची अनेक नावे हा प्रकार अधिक फसवा आहे. ललिता देऊळकर १९४९ नंतर ललिता फडके होतात. संगीतकार स्नेहल भाटकर हे कुठे वासुदेव भाटकर, तर कुठे बी. वासुदेव असतात. के. दत्ता म्हणजे दत्ता कोरगावकर, आणि दत्ता डावजेकर हे वेगळे. हंसा वाडकर आणि मीनाक्षी शिरोडकर या दोघींचेही मूळ नाव रतन होते, त्यामुळे एखाद्या आठवणीत नुसते ‘रतन’ आले तर थबकावे लागते. ‘आनंदघन’ हे नाव तर जाणूनबुजून घेतलेले होते. लता मंगेशकरांनी १९५०च्या ‘राम राम पाव्हणं’ला स्वतःच्या नावाने संगीत दिले होते आणि साठच्या दशकातल्या चित्रपटांना आनंदघन या नावाने दिले. तबकडीच्या लेबलवर कित्येकदा गायिकेऐवजी पात्राचेच नाव छापलेले असे. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

म्हणून मूळ कागदावर जे नाव जसे छापलेले आहे, तसेच ते आधी उतरवावे, आणि ही व्यक्ती कोण असावी हे आपले अनुमान शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावे. दोन्ही एकाच रकान्यात गेली, की नंतर येणाऱ्याला चूक दुरुस्त करायला जागाच राहत नाही. आत्मचरित्रांचा आधार जरूर घ्यावा. हंसा वाडकर, दुर्गा खोटे, आचार्य अत्रे, शांताराम यांच्या लेखनात स्टुडिओतले रोजचे जगणे जसे मिळते, तसे दुसरीकडे मिळत नाही. मात्र ती पुस्तके पुष्कळ वर्षांनी लिहिलेली आहेत, तेव्हा माणसे आणि प्रसंग त्यांतून घ्यावेत, आणि तारखा वर्तमानपत्रातून पडताळाव्यात.

प्रश्न : आमच्या आजोबांचे फिरते तंबू-थिएटर होते. माळ्यावर फिल्मचे सात डबे सापडले आहेत. एका डब्याला उग्र वास येतो. प्रोजेक्टर दुरुस्त करून ही रिळे लावून पाहावीत का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : कृपा करून लावू नका. आधी डब्याबाहेरूनच रुंदीचा अंदाज घ्या. फिल्म १६ मिलिमीटरची असेल तर ती नायट्रेटची नसते, एवढा दिलासा आहे. ३५ मिलिमीटरची असेल आणि १९५०च्या सुमाराची किंवा त्याआधीची असेल, तर ती नायट्रेटची आहे असे धरूनच वागावे. पट्टीच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सेफ्टी’ किंवा ‘नायट्रेट’ असे छापलेले असते, पण ते वाचण्यासाठी रीळ उलगडत बसू नका. सुरुवातीची वीतभर पट्टी पुरे. शिर्क्यासारखा आंबट वास असेल, तर ती पुढच्या काळातली अ‍ॅसिटेटची, म्हणजे ‘सेफ्टी’ प्रकारची फिल्म आहे आणि ती कुजू लागली आहे. असा डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा, कारण त्या वाफांनी शेजारची फिल्मही बिघडते. फिल्म चिकट झाली असेल, तिच्यावर मधासारखे बुडबुडे आले असतील किंवा तळाशी तपकिरी भुकटी असेल, तर ते कुजणारे नायट्रेट समजावे आणि डबा पुन्हा उघडू नये. नायट्रेट एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्याच्यातच असतो. पत्र्याखालचा माळा ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. घरापासून दूर, सावलीतल्या थंड आणि हवेशीर खोलीत डबे आडवे ठेवा. जवळ विजेचे बटण किंवा देवघर नको. टपालाने, एसटीने किंवा रेल्वेने ते कुठेही पाठवू नका. पुण्याच्या संग्रहालयाला पत्राने कळवा आणि त्यांची माणसे सांगतील तसेच पुढे करा.

तोपर्यंत डब्यांची झाकणे आणि त्यांवरचे कागद यांचे फोटो काढून ठेवा. त्यावर चित्रपटाचे नाव, रीळ क्रमांक, वितरकाचे नाव, कधी गावांची यादीही असते. झाकणावरचे नाव आणि आतली फिल्म एकच असेल असे मात्र नाही, कारण तंबूवाले रिकामे डबे पुन्हा वापरीत. आजोबांच्या वह्या, वितरकाशी झालेला पत्रव्यवहार, करमणूक कराच्या पावत्या, उरलेली हस्तपत्रके हे सगळे डब्यांबरोबर सापडले असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. कोणता चित्रपट कोणत्या जत्रेत किती खेळ चालला, हे सांगणारे कागद फारच थोडे उरले आहेत. डबे सुपूर्द कराल तेव्हा ते दान आहे की ठेव, हे लेखी ठरवून घ्या, आणि पोच घेताना डब्यांची नुसती संख्या न लिहिता प्रत्येक झाकणावरचा मजकूर तिच्यात उतरवून घ्या.